सोमवारची जीभ

"अप्पांची हरकत न्हाय."

एवढंच वाक्य. वाशीच्या बाजारतळावर शामियान्याच्या सावलीत बसून रुद्रम्मानं ते म्हटलं आणि इरकलीचा पदर डोक्यावर सारखा केला, जसं काही बोलणं संपलं आणि आता उठून भाकरी वाढायची. कुणी हललं नाही. साहेबांच्या टेबलाशी उभा असलेला पाशामियाँ, ज्याच्यावर हे वाक्य उचलून उर्दूत नेऊन ठेवायचं काम होतं, तो ते न उचलताच तिच्याकडं बघत राहिला. त्याच्यामागं बेलणा नदीच्या काठची सगळी गावं बसली होती.

पाट फुटला तर खोऱ्यानं माती ओढून बुजवता येतो. शब्दाला कुठली माती लावायची, ते रुद्रम्माला कुणी शिकवलं नव्हतं.

आदल्या दिवशीचा मळा

रविवारी उन्हं कलल्यावर वीरप्पा पानमळ्यात आला, तेव्हाच तिनं सावध व्हायचं होतं. तिचा हा सगळ्यात धाकटा भाऊ कैक वर्षांत मळ्याकडं फिरकला नव्हता. तो आला, शेवरीवर चढलेल्या वेलाचं एक पान त्यानं खुडलं, देठ मोडला, आणि खाल्लं नाही. नुसतं घडी घालत राहिला.

मळा रुद्रम्माचा होता. नवरा गेल्यावर ती कोरेगव्हाणला माहेरी परतली, तेव्हा वडलांनी, ईरण्णांनी, नदीकाठचा हा तुकडा तिला चोळीबांगडीला म्हणून तोडून दिला. पानवेलीला बारमाही पाणी लागतं आणि बेलणा उन्हाळ्यातही आटत नसे, म्हणून मळा टिकला. रुद्रम्माही त्याच पाण्यावर टिकली, असं गावातल्या बाया म्हणायच्या.

आता सरकार बेलणा वळवायला निघालं होतं. वर शिंगणवाडीला, जिथं नदी डोंगराला खेटून वळण घेते, तिथं बंधारा घालायचा, सुरुंग लावून खिंड फोडायची आणि पाणी पलीकडं माळेवाडीच्या माळांवर काढायचं. तिकडं दूर जगाची लढाई चालू होती. लेव्हीचे, सक्तीच्या धान्यवसुलीचे, शिपाई कणगीत हात घालून जोंधळा बघत होते. माळ भिजला तर धान्य वाढेल, हे सरकारचं म्हणणं. आणि ते खोटं होतं असं रुद्रम्माही कधी म्हणाली नाही. माळेवाडीच्या लेकी डोक्यावर घागर घेऊन किती लांब चालतात, हे तिनं पाहिलेलं होतं. पण अलीकडं, जिकडं नदी आजवर वाहत आली, तिकडं फक्त पावसाळ्यात बंधाऱ्यावरून उतू जाईल तेवढं येणार होतं. मग दवंडी आली: साहेब वाशीला येऊन सगळ्यांचं ऐकणार. ज्याची हरकत असेल त्यानं स्वतः येऊन तोंडानं सांगावी. जो गप्प राहील, त्याची हरकत नाही असं धरलं जाईल.

"सुनावणी उद्यावर गेली," वीरप्पा म्हणाला. "साहेबांची गाडी येडशीला उशिरा आली."

"उद्या सोमवार हाय, वीरू."

"हाय की."

"सोमवारी शरणू बोलत न्हाय. तुला ठावं हाय."

शरणू म्हणजे दोघांमधला भाऊ, घरचा कर्ता शरणबसप्पा; काठावरचे सगळे त्याला अप्पा म्हणायचे. वीरप्पानं पानाची घडी उलगडली. येडशी स्टेशनावरून साहेबांना आणायला दमणी, बैलांची हलकी गाडी, त्याचीच गेली होती. साहेबांनी विचारलं असणार, उद्या चालेल का, का परवा ठेवू. तिनं हे त्याला विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

"तुमी बोलताच की त्याच्या जागी," तो म्हणाला. "सोमवारी त्याची जीभ तुमीच."

मग त्यानं बाकीचं सांगितलं, हळूहळू, एकेक पान खुडावं तसं. त्याचं माळेवाडीचं रान, ज्याला घरातले सगळे हसून वीरप्पाचा खडक म्हणायचे, ते नेमकं कालव्याखाली येत होतं. आयुष्यात एकदा त्याचा खडक भिजणार होता. घरानं हरकत घेतली तर तो वाटणी मागणार होता. चूल वेगळी, देवघर वेगळं. बसवराजचं लग्न माळेवाडीतच ठरलं होतं. तो त्याला आणि सुनेला घेऊन तिकडंच घर बांधेल.

"बसवाला बी?" तिनं विचारलं.

"माझा ल्योक हाय, अक्का."

हे खरं होतं. आणि तरी तिला ते कुणीतरी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं वाटलं. शरणबसप्पाला मूलबाळ नव्हतं, तिला नव्हतं. सबंध घरात एकच पोर वाढलं, ते बसवराज. आणि ते वाढलं या मळ्यात, शेवरीच्या सावलीत बांधलेल्या झोळीत, रुद्रम्माच्या हाताच्या झोक्यानं.

हात

शरणबसप्पाचं मौन साऱ्या काठाला ठाऊक होतं. मागं पाण्याच्या पाळीवरून बापलेकांचं जे वाजलं आणि शरणबसप्पा वडलांना जे बोलला, ते पुन्हा सांगायला नको. ईरण्णा त्याच संध्याकाळी गेले. सोमवार होता. लिंगायत रीतीनं त्यांना बसवून माती दिली ती नदीच्या काठावर, मळ्याच्या शेजारी, आणि मठाच्या स्वामींनी लेकाला सांगितलं: तुझ्या जिभेनं घात केला, तर तिला आठवड्यातला हा एक दिवस बांधून ठेव. तेव्हापासून सोमवारी उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत तो बोलत नसे. सकाळी नदीतून कळशी भरायची, वडलांच्या समाधीवर घालायची, आणि गप्प.

पण एवढ्या मोठ्या घराला एक दिवस गप्प राहून चालत नाही. म्हणून सोमवारी रुद्रम्मा बोलायची. त्याचे हात ती वाचायची. तळवा मांडीवर पालथा पडला की होय. हात उलटा झटकला की नाही. दोन बोटं डोळ्याला लावली की नीट बघून घ्या. गळ्यातल्या लिंगाला हात गेला की विषय संपला, त्यापुढं देवसुद्धा नाही. आणि कधी तिनं चुकीचं सांगितलं, तर तो बोटाच्या पेरानं जमिनीवर टकटक करायचा. मग ती हसायची, "चुकले गं बाई," म्हणायची आणि पुन्हा सांगायची.

ती टकटक दर सोमवारी एकदा तरी व्हायचीच. कधी बैलाचा पाय दुखतोय याचं तिनं बैल विकायचाय करून टाकलं होतं आणि गिऱ्हाईक दोरी घेऊन दारात आलं होतं. त्या दिवशी शरणबसप्पा न बोलता इतका हसला की नागम्माला, त्याच्या बायकोला, वाटलं व्रत मोडतंय की काय.

या हातांवर नदीकाठचा विश्वास होता, कारण पाटाची पाळी पिढ्यान् पिढ्या याच घरानं ठरवली होती. कुणाच्या रानाला आधी, कुणाच्या नंतर, यावरून काठावर कुऱ्हाड उचलली गेली नव्हती. पाण्याचा शब्द त्या घराचा, असं म्हणायचे. सोमवारी तो रुद्रम्माच्या तोंडून आला तरी कुणी म्हणत नसे की अप्पा स्वतः बोलले तरच ऐकू.

सोमवार, सकाळ

शांतम्मानं, वीरप्पाच्या बायकोनं, स्वतःची नवी इरकल आणून रुद्रम्मापुढं ठेवली. चार माणसांत बसायचंय, म्हणाली, जुनेर नेसून कशाला. रुद्रम्मानं ती नेसली. नागम्मा चुलीपाशी बसून हे बघत होती. एरवी या दोघी जावा एका ताटात जेवायच्या. आदल्या रात्रीपासून एकीनं पीठ मळलं की दुसरी उठून जात होती.

निघताना नागम्मानं रुद्रम्माचं मनगट धरलं. "तुमच्या भावाच्या मनात असंल तेवढंच सांगा, अक्का. एक शब्द जास्त नको, एक कमी नको."

रुद्रम्मानं मान हलवली. तेव्हा तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. हे तिनं पुढं किती वेळा स्वतःला सांगितलं. उंबरा ओलांडताना नव्हतं.

गाडी बसवराज हाकत होता. आता चांगला मिशा आलेला, हैदराबादेत दोन वर्षं राहून आलेला. शरणबसप्पा त्याच्या शेजारी कपाळाला भस्म लावून ताठ बसलेला, वीरप्पा घोड्यावर पुढं गेलेला. चढाला बैल हळू झाले तेव्हा बसवराज खाली उतरून चाकाच्या बाजूनं चालू लागला, आणि रुद्रम्माजवळ येऊन, काकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "मोठ्या अव्वा, मला दोन चुली नकोत."

आत्याला तो कानडी रीतीनं अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा. त्यानं लहानपणी केलं असतं तसंच केलं: गाडीच्या कडेवर असलेल्या तिच्या हातावर हात ठेवला आणि चढ संपेपर्यंत काढला नाही.

दुपार, पुन्हा

साहेब वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. आधी माळेवाडीकडचे बोलले, आणि चांगलं बोलले. त्यांची तहान ऐकून या बाजूच्या बायांच्याही माना हलल्या. मग साहेबांनी विचारलं, बेलणाकाठचं कोण. त्यांचा कारकून तेलंगणातला, त्याला मराठी येत नव्हती, म्हणून दोन्ही बाजूंनी पाशामियाँला दुभाष्या धरलं होतं. पाशामियाँ नदीच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या लावायचा. त्याच्याएवढी गोड टरबुजं बार्शीच्या बाजारातही मिळत नसत आणि त्याच्याएवढी दोन्ही भाषांची मिठास कुणाच्या तोंडात नव्हती.

सगळे शरणबसप्पाकडं बघू लागले. तो उभा राहिला, हात जोडले आणि उभाच राहिला.

साहेबांनी दोनदा विचारलं. पाशामियाँनं मौनाची गोष्ट सांगितली. साहेब हसले नाहीत. मान तुकवून त्यांनी विचारलं, मग यांच्यातर्फे कोण बोलेल?

"इनकी बड़ी बहन, हुज़ूर. सोमवार को वही बोलती हैं."

शरणबसप्पा बहिणीकडं वळला. त्याचा उजवा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला, तिथं थांबला. मग तोच हात त्यानं उलटा झटकला. नदी द्यायची नाही. त्यापुढं काही नाही. इतकं साफ तो इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता. कळायला काही अवघड नव्हतं. एखाद्या परक्यालाही कळलं असतं.

रुद्रम्माला तो हात दिसला. त्या हाताच्या मागं वीरप्पा दिसला, शामियान्याच्या खांबाला टेकून उभा, डोळे जमिनीकडं. आणि त्याच्या शेजारी बसवराज, ज्याचे डोळे जमिनीकडं नव्हते.

"अप्पांची हरकत न्हाय," ती म्हणाली.

तिला काय वाटलं होतं

तिला वाटलं होतं, आपण एक घर गप्प राहिलो तर नदी बुडत नाही.

मागं बब्रुवान बसला होता, खालच्या गावचा, गेले आठ दिवस भाषण घोकून तयार झालेला. त्याचा आवाज तर सुनावणीशिवायसुद्धा वाशीपर्यंत यायचा. त्याच्यामागं चांभारवाड्यातली माणसं होती, ज्यांची कमवायला आणलेली कातडी नदीत भिजायची. परीट होते. पाशामियाँ होता. एवढे सगळे नको म्हणतील, साहेब ऐकतील, नदी राहील. आणि आपल्या घरानं हरकत घेतली नाही, म्हणून वीरप्पाला वाटणी मागायला तोंड राहणार नाही. नदी गाव वाचवेल, घर मी वाचवते.

एवढा साधा हिशोब. त्यात एकच गोष्ट ती विसरली, आणि ती दुसरं कुणी विसरलं नसतं, कारण दुसऱ्या कुणाला त्या शब्दाची इतकी सवय नव्हती: बाकीचे सगळे याच घराच्या शब्दाची वाट बघत बसले होते. घरात राहणाऱ्याला घराची उंची दिसत नाही.

दुपार, अजून

शरणबसप्पाची मूठ मिटली. तो खाली बसला. मधलं बोट वाकलं आणि पेर जाजमाकडं उतरू लागलं. रुद्रम्मा बघत होती. ती टकटक झाली असती तर ती म्हणणार होती, चुकले गं बाई. म्हणजे तिला वाटतं, म्हणाली असती. सगळ्या गावाला ती खूण ठाऊक होती. पाशामियाँ तर तिचीच वाट बघत होता, म्हणूनच त्यानं वाक्य अजून साहेबांपुढं ठेवलं नव्हतं.

पेर जाजमाला टेकायच्या आधी थांबलं.

शरणबसप्पानं तिच्याकडं बघितलं. मग मूठ सुटली. हात मांडीवर पडला, धड पालथा नाही, धड उताणा नाही, दमलेल्या माणसाचा हात पडतो तसा.

"क्या फ़रमाया?" साहेबांनी विचारलं.

"इनको... कोई एतराज़ नहीं, हुज़ूर," पाशामियाँ म्हणाला.

कारकुनानं लिहिलं. पुढचं नाव पुकारलं. बब्रुवान उभा राहिला, घसा खाकरला, शरणबसप्पाकडं बघितलं, रुद्रम्माकडं बघितलं आणि त्याचा तो सगळ्या शिवारात जाणारा आवाज कुठं गेला कोण जाणे. अप्पा म्हणतात तसं, म्हणाला आणि बसला. चांभारवाड्यातल्या म्हाताऱ्यानं उठायचंही टाळलं, बसूनच हात जोडले. अप्पांचं तेच आमचं. परटांचं तसंच. एकामागं एक, पाळीनं, पाटाचं पाणी रानारानांतून पुढं सरकावं तसं ते वाक्य माणसामाणसांतून सरकत गेलं. रुद्रम्मा बसल्या जागी वळून बघत होती आणि प्रत्येक माणूस तिच्याकडं बघून, मान तुकवून, तिच्यावर विश्वास ठेवत होता.

तिनं तेव्हा उठायला हवं होतं. पाय तिचेच होते, जीभही होती. पण इरकलीचा तो कडक नवा काठ गुडघ्याखाली अडकला होता, आणि वीरप्पानं मान वर करून तिच्याकडं बघितलं होतं, लहानपणी ताप उतरल्यावर बघायचा तसं. ती उठली नाही.

शेवटी पाशामियाँ दुभाष्याच्या जागेवरून दोन पावलं पुढं आला आणि स्वतःसाठी बोलला. मेरा एतराज़ है. साहेबांनी विचारलं, तुमची जमीन कुठं. तो म्हणाला, वाळूत. साहेबांनी त्याला फार सभ्यपणानं समजावलं की नदीची वाळू सरकारची असते, तिथं टरबूज लावायची सवलत आहे, हक्क नाही. आणि हक्क नसेल त्याची हरकत लिहिता येत नाही. पाशामियाँनं सलाम केला. सवयीनं वळून त्यानं साहेबांचं बोलणं मराठीतही सांगायला सुरुवात केली, आणि अर्ध्यात थांबला.

बैल जुंपत होते तेव्हा तो गाडीशी आला. शरणबसप्पाला त्यानं काहीच म्हटलं नाही. सोमवारी त्याच्याशी बोलायची रीतच नव्हती. रुद्रम्माला म्हणाला, "अक्का, सोमवारी तुमी अप्पांच्या तोंडानं बोलता, सारा गाव जानतो. आज कुनाच्या तोंडानं बोललात?"

मग त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी निघाली.

पुढचं, आधीच सांगून टाकलेलं

खिंड फुटायला तीन उन्हाळे गेले. सुरुंगाचे आवाज कोरेगव्हाणला ऐकू यायचे, आणि प्रत्येक आवाजाला पानमळ्यातले पोपट उठायचे. मग माळेवाडीला पाणी पोचलं. वीरप्पाचा खडक भिजला आणि गहू आला. चांगला आला. त्यातलं पहिलं पोतं त्यानं स्वतः आणून घरात उतरवलं, आणि शरणबसप्पानं त्याच्या गव्हाची पोळी सगळ्यांसमोर खाल्ली.

वाटणी झालीच. कुणी भांडलं नाही. पाणी तिकडं, तर रात्रीबेरात्री पाण्याची दारं धरायला माणूस तिकडंच लागणार, म्हणून वीरप्पा तिकडं राहू लागला. मग शांतम्मा गेली. मग बसवराज बायकोला घेऊन, जाताना तीनदा मागं वळून. ज्यासाठी नदी दिली ते घर नदीच्याच मागं गेलं, इतकं हळू की अमुक दिवशी मोडलं असं कुणाला बोट ठेवून सांगता आलं नाही.

पाशामियाँनं पुढं सोनारीच्या वाटेवर पानतंबाखूचं दुकान टाकलं. पानं तो रुद्रम्माच्या मळ्यातली घ्यायचा, मळा होता तोवर. हिशोब चोख ठेवायचा, अक्का म्हणायचा, तब्येत विचारायचा. तो प्रश्न मात्र त्यानं पुन्हा कधी विचारला नाही, आणि उत्तर त्या प्रश्नाची वाट बघत तिच्याकडं पडून राहिलं.

नदी आटल्यावरही शरणबसप्पा दर सोमवारी कळशी घेऊन निघायचा. आडाचं पाणी भरायचा, कोरड्या पात्रातून चालत जायचा आणि वडलांच्या समाधीवर ओतायचा. व्रत त्यानं सोडलं नाही. फक्त सोमवारी त्याचे हात हलायचे थांबले. दारात माणूस आला की उद्या सूर्य उगवल्यावर ये, एवढंच सांगायला तो आभाळाकडं बोट दाखवायचा. रुद्रम्माला वाचायला काही उरलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी बेलणा अजून वाहत होती.

दिवेलागण

गाडी घरी पोचेपर्यंत बातमी आधीच पोचली होती. नागम्मा उंबऱ्यात उभी होती. तिनं रुद्रम्माच्या पायावर पाणी घालायला तांब्या पुढं केला, रीत म्हणून. डोळे मात्र वर उचलले नाहीत. वीरप्पा कधीचा येऊन ओसरीच्या टोकाला बसला होता. जिंकलेल्या माणसासारखा तो बसला नव्हता. शांतम्मानं पुरण घातलं होतं, कशाला ते तिलाही आता सांगता येत नव्हतं, आणि त्याचा वास घरभर उगीच फिरत होता.

रुद्रम्मानं इरकल सोडली, घडी घालून शांतम्माच्या खुंटीवर ठेवली आणि आपलं जुनेर नेसली. मग ती देवघराच्या दाराशी येऊन बसली. दर सोमवारी बसायची तिथंच. दुसरीकडं कुठं बसायचं ते सुचलं नाही.

शरणबसप्पानं हात धुतले. लिंग तळव्यावर घेतलं. त्याची पूजा नेहमीसारखी चालली, घाई नाही, लांबण नाही. घरातली सगळी माणसं कुठं ना कुठं थांबून होती. सोमवारी दिवे लागले की या घरात त्याचा पहिला शब्द ठरलेला असायचा: बसवा, ये, जेवायला बस. पोर बोबडं बोलायचं तेव्हापासून हाच. बसवराज ताटाजवळ येऊन उभा होता.

नागम्मानं समई लावली. शरणबसप्पानं तीर्थ घेतलं. व्रत सुटलं.

तो काही बोलला नाही. बसवराजनं एक पाऊल पुढं टाकलं आणि मागं घेतलं. ओसरीवरून वीरप्पा उठला, त्याच्या तोंडातून "दादा" एवढंच निघालं.

"साकु," शरणबसप्पा म्हणाला. पुरे. त्यांच्या आईचा कानडी शब्द, भांडणं मिटवायचा. कुणाला म्हटला ते कळलं नाही, वीरप्पाला, बायकोला, का स्वतःला. मग तो रुद्रम्माकडं वळला.

तिनं मनात सगळं तयार ठेवलं होतं. तू पेर का टेकवलं न्हाईस, असं ती विचारणार होती. एकदा टकटक केली असतीस तर. तो सकाळसारखाच ताठ बसला होता, पण भस्माच्या पट्ट्यांखाली कपाळ एका दिवसात म्हातारं झालं होतं, आणि तिला न विचारताच कळलं: ते पेर टेकलं असतं तर साऱ्या काठासमोर ती खोटी ठरली असती. एकदा जिभेनं बापाला घालवलं होतं. बहिणीला घालवायला तो तयार नव्हता. नदी जाऊ दिली त्यानं.

"अक्का," तो म्हणाला, "आज मळा भिजवलास का?"

"न्हाय," ती म्हणाली. "वाशीला गेलो की सारे. राहिला."

"मग जा. भिजव."

ती उठली. दारात पोचली तेव्हा त्याचा आवाज मागून आला, नेहमीचा, पाळी सांगतानाचा, सगळ्या काठानं ज्याच्यावर भरवसा ठेवला तो:

"हाय तवर भिजव."

मळ्यात अजून दिसण्याइतका उजेड होता. रुद्रम्मानं खोरं घेतलं आणि पाटाच्या तोंडाची माती ओढली. बेलणाचं पाणी आत आलं, पहिल्या वाफ्यात शिरलं, शेवरीच्या बुडाशी जरा घुटमळलं, मग वेलांकडं वळलं. वाफा भरला की दार बांधायचं आणि दुसरं मोडायचं, ही हयातभराची सवय. तिनं पहिलं बांधलं नाही. दुसरं मोडलं, तिसरं मोडलं, सगळी मोडली. पाणी मळाभर पसरलं, बांधावरून पलीकडं वडलांच्या समाधीपर्यंत गेलं, आणि ती गुडघ्याएवढ्या चिखलात खोऱ्याला टेकून उभी राहिली, ते अडवायला कुणी तिला हाक मारील याची वाट बघत.